सीडींचा संच की शिकवणारा संगणक?

सैनिकांना नोकरीभर शिकतं ठेवायचं, तर संगणकाकडून दोन प्रकारे काम घेता येतं: धडे पडद्यावर द्यायचे, किंवा सराव पडद्यावर करून घ्यायचा. अमेरिकी नौदलाने दोन्ही करून पाहिलंय, म्हणून निवड करण्याआधी त्यांचा अनुभव बघा.

पहिला प्रकार स्वस्त. 2003 मध्ये न्यूपोर्टच्या नौदल शाळेतला नव्या अधिकाऱ्यांचा काही महिन्यांचा वर्ग बंद करून त्यांना सीडींचा संच दिला आणि थेट जहाजावर धाडलं. उरलेलं वरिष्ठांनी शिकवायचं होतं. पण पहारे आणि दुरुस्त्या सांभाळून शिकवायला उसंत कुणाला? 2012 मध्ये नव्या अधिकाऱ्यांचे वर्ग पुन्हा भरू लागले. पुढे 2017 मध्ये फिट्झजेराल्ड आणि जॉन एस. मॅकेन या युद्धनौकांच्या व्यापारी जहाजांशी झालेल्या दोन वेगवेगळ्या टकरींत 17 खलाशी गेले. चौकशीत प्रशिक्षणातल्या उणिवाही निघाल्या. त्याचं खापर एकट्या सीडींवर फोडणं मला पटत नाही, कारणं बरीच होती.

दुसऱ्या प्रकारात डार्पा या अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेचा ‘डिजिटल ट्यूटर’ येतो. जहाजावरचे संगणक सांभाळणाऱ्या खलाशांसाठी तो बनवला. आधी निष्णात शिक्षकांनी एकेका विद्यार्थ्याला समोर बसवून शिकवलं आणि त्यांच्या त्या हातोटीवरून ट्यूटर बेतला. विद्यार्थी बिघाड शोधतो. अडला की ट्यूटर आयतं उत्तर देत नाही, प्रश्न विचारून त्यालाच विचार करायला लावतो. 16 आठवड्यांत तयार झालेली ही मुलं बिघाड सोडवण्यात सरासरी 9 वर्षं नोकरी झालेल्या तंत्रज्ञांच्या पुढे गेली. तुलनेतले गट लहान होते, तरी मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. वर्षानुवर्षांच्या नोकरीत क्वचितच समोर येणारे बिघाड इथे रोज हाताखालून जातात.

अर्थात असा ट्यूटर घडवणं महाग, आणि यंत्रणा बदलली की पुन्हा खर्च. त्यामुळे नियमांची उजळणी, नवी परिपत्रकं यांना साधे ऑनलाइन धडे पुरेत. बिघाड शोधणं, जहाज हाकणं यांसाठी मात्र सरावाचीच यंत्रणा घ्या.

परिणाम मोजताना किती जणांनी अभ्यासक्रम पुरा केला, यावर जाऊ नका. प्रशिक्षणाचे अभ्यासक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 मध्ये परिणाम मोजायच्या चार पायऱ्या मांडल्या: आवडलं का, शिकला का, कामात उतरलं का, कामाचं फळ बदललं का. अहवाल बहुधा दुसरीवरच थांबतात. सहा महिन्यांनी खऱ्या यंत्रावर बिघाड करून द्या, आणि शेजारी जुन्या पद्धतीने शिकलेला माणूस बसवा. या कसोटीला पुरवठादार तयार आहे का, ते करारावर सही करण्याआधी विचारा.