लायलॅक, सावनी की पारिजातक? ठाण्यातील बागेसाठी निवड

वसंतात काश्मीर किंवा युरोप पाहून आलेल्यांच्या मनात लायलॅकचे फिकट जांभळे तुरे आणि त्यांचा दाट, गोड गंध रेंगाळत राहतो, आणि तेच झुडूप घोडबंदर रोडवरच्या बाल्कनीत किंवा नेरूळच्या रो-हाउसपुढे लावावे असे वाटू लागते. माझ्या मते ते लावू नये. कारण समजून घेतले, तर त्याऐवजी काय लावावे हेही आपोआप उलगडते.

लायलॅक मूळचे बाल्कन प्रदेशातील डोंगरउतारांवरचे. त्याच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच फांदीच्या टोकाशी तयार होतात आणि हिवाळ्यात कित्येक आठवडे साधारण ७ अंशांखालची थंडी मिळाल्यानंतरच त्या नीट उमलतात. आपल्याकडे जानेवारीतल्या पहाटेही पारा बहुधा १५ अंशांच्या आसपास असतो. कुंडीत बर्फाचे खडे टाकण्याचा उपाय काही जण सुचवतात. मात्र थंडी लागते ती फांदीवरच्या कळ्यांना, त्यामुळे मुळांशी बर्फ घालून काहीही साधत नाही. कॅलिफोर्नियात कमी थंडीवर फुलणाऱ्या ‘लॅव्हेंडर लेडी’सारख्या जाती तयार झाल्या खऱ्या, पण तिथला हिवाळाही आपल्यापेक्षा पुष्कळ गार असतो. मी एकदा हौसेने थंड प्रदेशातून रोप आणले होते. मे महिन्यापर्यंत त्याची हृदयाकृती पाने टवटवीत होती. जुलैत त्यांवर पिठासारखी भुरी चढली आणि गणपतीपर्यंत उरली ती नुसती काडी. जून ते सप्टेंबर अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास कोसळणारा पाऊस आणि सतत दमट हवा त्याला सोसवत नाही.

लायलॅककडून आपल्याला रंगाचे तुरे हवे असतात आणि सुगंधही. आपल्या हवामानात या दोन गोष्टी एकाच झुडपात मिळवण्याचा हट्ट सोडला, तर निवड सोपी होते.

तुऱ्यांसाठी सावनी घ्यावी. रोपवाटिकेत ती लॅजरस्ट्रोमिया या नावानेही मिळते आणि आपले राज्यपुष्प तामण हे तिचे सख्खे भावंड. तामणाचा मात्र मोठा वृक्ष होतो, म्हणून तो सोसायटीच्या आवारात शोभतो, कुंडीत नाही. सावनीची पाकळी हातात घेऊन पाहावी: कडेला क्रेप कागदासारखी चुरगळलेली आणि खाली देठासारखी बारीक. गुलाबी, पांढऱ्या आणि थेट लायलॅकच्या छटेतल्या जाती मिळतात. ती नव्या फुटव्यावर फुलते, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत बेताची छाटणी केली की उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत बहर येत राहतो. लायलॅकचे नेमके उलटे आहे. त्याला हिवाळ्यात कात्री लावली की त्या वर्षीची फुले गेली. सावनीला किमान सहा तास ऊन हवे. सावलीत तिच्यावरही भुरी येते. सुगंधाची अपेक्षा तिच्याकडून ठेवू नये.

सुगंधासाठी पारिजातक आहे, आणि तो तर लायलॅकच्याच कुळातला, म्हणजे मोगरा, जाई आणि ऑलिव्ह ज्या कुळात मोडतात त्यातला. घासकागदासारखे खरखरीत पान आणि केशरी देठाचे पांढरे फूल असलेल्या या झाडाला लायलॅकसारखे भरगच्च तुरे येत नाहीत, पण पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून थंडी सुरू होईपर्यंत संध्याकाळी त्याच्या कळ्या उमलतात आणि पहाटे अंगणात सडा पडतो. लायलॅकचा बहर दोन-तीन आठवड्यांत सरतो, हेही इथे लक्षात घ्यावे. पारिजातक कुंडीत जगतो, पण त्याचे खरे रूप जमिनीत दिसते.

बाल्कनी पश्चिमेची आणि उन्हाची असेल, तर अठरा इंची कुंडीत सावनी लावावी. अंगणात एकाच झाडापुरती जागा असेल, तर मी पारिजातकच लावीन, आणि तोही झोपण्याच्या खोलीच्या खिडकीजवळ, कारण त्याचा गंध रात्रीचा आहे. नवी मुंबईत बऱ्याच ठिकाणी जमीन भरावाची असून पाणी तुंबते, आणि मुळांशी साचलेले पाणी पारिजातकाला मुळीच चालत नाही. तिथे फूटभर उंचवटा करून, मातीत वाळू आणि शेणखत मिसळून, पहिले पाऊस झाल्यावर रोप लावावे.