भेसळ तपासण्याचा घरगुती संच: पैसे वसूल, पुरावा मात्र नाही

फोंड्याच्या बाजारातून आमच्याकडे हळद आणि तिखट सुटेच येते, म्हणून भेसळ ओळखण्याचा हा घरगुती संच मागवला. आयोडीन, हायड्रोक्लोरिक आम्ल, परीक्षानळ्या, ड्रॉपर आणि एक पुस्तिका एवढे साहित्य त्यात मिळते.

हळदीची चाचणी त्यातल्या त्यात चोख आहे. हळदीच्या पाण्यात आम्लाचे थेंब टाकल्यावर येणारी गुलाबी छटा आणखी पाणी घालताच नाहीशी झाली, तर ती हळदीचीच असते. ती टिकून राहिली, तर मेटॅनिल यलो या बंदी असलेल्या रंगाचा संशय बळावतो. आयोडीन पिष्ट (स्टार्च) असल्यास निळे पडते; ते दूध-पनीरसाठीच वापरावे, कारण हळदीत मुळातच पिष्ट असते. पुस्तिका याबाबत गप्प आहे. खोबरेलाला तर संच लागतच नाही: फ्रिजमध्ये ते गोठते आणि मिसळलेले दुसरे तेल वेगळा थर धरते.

आक्षेप आहे तो वेष्टनावरील भाषेला: या चाचणीच्या जोरावर भेसळखोराला न्यायालयात खेचता येईल, असे ती सुचवते. ही पूड याच दुकानातली कशावरून, आणि घरी तिच्यात कोणी काही मिसळले नाही कशावरून, असे बचावाचा वकील विचारणारच. याच शंकांना जागा राहू नये म्हणून अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, 2006 नुसार अन्न सुरक्षा अधिकारी साक्षीदारासमोर नमुना घेतो, त्याचे चार भाग करून ते सीलबंद करतो आणि एक भाग अन्न विश्लेषकाकडे पाठवतो. विश्लेषकाने 14 दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि त्यावर दुकानदाराला अपीलही करता येते. एवढे होऊनही माल केवळ 'निकृष्ट' ठरला तर प्रकरण दंडावर भागते. कैदेची शिक्षा 'असुरक्षित' अन्नासाठी आहे.

ग्राहकालाही कलम 40 खाली शुल्क भरून विश्लेषकाकडून तपासणी करून घेता येते, मात्र तसा हेतू खरेदीच्या वेळीच दुकानदाराला सांगावा लागतो. ओळखीच्या पसरकाराला तोंडावर असे सांगायला धीर लागतो, हे गोव्यात राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको. तेव्हा घरच्या नळीत रंग टिकला तर त्याच दुकानातून हेतू सांगून, पावतीसह पुन्हा खरेदी करावी किंवा बांबोळीच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार द्यावी. इतक्यापुरता हा संच घेण्याजोगा आहे. आम्लाची बाटली तेवढी मुलांच्या हाती लागू देऊ नये.