टुडूइस्ट: खरी ताकद फिल्टरमध्ये

कामांची यादी तर कुठलंही अ‍ॅप करतं. टुडूइस्ट वेगळं ठरतं ते फिल्टरमुळे, म्हणजे अट लिहून हवी तेवढीच कामं दाखवणाऱ्या यादीमुळे. प्रोजेक्टसाठी #, लेबलसाठी @, प्राधान्यासाठी पी१ (सर्वांत वरचं) ते पी४; मग & म्हणजे 'आणि', | म्हणजे 'किंवा', ! म्हणजे 'सोडून'. 'पी१', 'टुडे', 'ओव्हरड्यू' (मुदत उलटलेली कामं) असे शब्द अर्थात रोमन लिपीतच टाइप करायचे.

बहुतेकांची गाडी कंसांपाशी अडते. 'टुडे | ओव्हरड्यू & #ऑफिस' लिहिलं की & आधी लागू होतो, आणि आजची घरची कामंही ऑफिसच्या यादीत घुसतात. '(टुडे | ओव्हरड्यू) & #ऑफिस' असं लिहा. उपप्रोजेक्टही हवे असतील तर ## वापरा, एका # ने ते येत नाहीत.

फुकट प्लॅनमध्ये फिल्टर फक्त 3. कंजूषपणाच आहे, पण स्वल्पविराम कामी येतो: 'ओव्हरड्यू, टुडे & @फोन' लिहिलं की एकाच फिल्टरमध्ये दोन वेगळ्या याद्या दिसतात. 'नो डेट' हा फिल्टर मात्र ठेवाच; तारीख न टाकलेली कामं 'टुडे'मध्ये कधीच येत नाहीत आणि इनबॉक्सच्या तळाशी पडून राहतात.

पुन्हापुन्हा येणाऱ्या कामांत 'एव्हरी' आणि 'एव्हरी!' यांतला फरक पाहा. पहिला ठरलेल्या तारखेपासून मोजतो, दुसरा काम पूर्ण केल्याच्या दिवसापासून. वीजबिलाला पहिला, वॉटर प्युरिफायरच्या फिल्टरला दुसरा.

लेबलं पाच-सहाच ठेवा. प्रत्येक कामाला पी१ लावणाऱ्यांना मात्र कुठलाच फिल्टर तारणार नाही.