सहा कोरचा राउटर, गणपतीची गर्दी आणि पॅकेट स्टीअरिंग – काही महिने वापरल्यावर

मालवणजवळ आमचं घर आहे, खालच्या खोल्या होमस्टेला, वर आम्ही, आणि 500 एमबीपीएसची फायबर लाईन, पीपीपीओई लॉगिनवाली (राउटर युजरनेम-पासवर्ड देऊन कंपनीच्या नेटवर्कला जोडला जातो ती पद्धत). थंडीत आरके3399 चिपचा छोटा बॉक्स घेतला, त्यावर ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं लिनक्स टाकलं. मे महिन्यातले पर्यटक आणि मग गणपतीचे चाकरमानी, दोन्ही गर्दी त्याने काढल्या, म्हणून आता लिहितोय.

बॉक्स एक नंबर आहे, पण नुसता आणून लावला की होत नाही. यात दोन मोठे ए72 कोर आणि चार छोटे ए53, नेटवर्क पोर्ट दोन आणि प्रत्येकाला रिसीव्ह क्यू, म्हणजे आलेल्या पॅकेटांची (डेटाच्या तुकड्यांची) रांग, एकच. आपण काही सांगितलं नाही तर दोन्ही पोर्टचे इंटरप्ट, म्हणजे 'पॅकेट आलंय, उचला' असे इशारे, कोर 0 वर जातात, आणि कोर 0 म्हणजे छोट्यांपैकी एक! मग पॅकेट उचला, पीपीपीओईचं हेडर काढा, नॅट करा (घरातला पत्ता बदलून बाहेरचा लावणं), फायरवॉल बघा, सगळं त्या एकट्यावर आणि बाकीचे पाच बसून.

बरं हे पटकन कळतही नाही. राउटरच्या टॉप कमांडमध्ये एसआयआरक्यूचा, म्हणजे पॅकेटांच्या कामात गेलेल्या सीपीयूचा, आकडा 16-17 टक्के दिसतो आणि वाटतं की सीपीयू तर रिकामाच आहे, लाईनच स्लो असणार. पण सहा कोरमध्ये एक कोर पूर्ण भरला की टोटल तेवढीच दिसते ना! एचटॉप ही कमांड टाकून कोरनिहाय बघा, पहिली पट्टी काठोकाठ आणि बाकीच्या जवळपास कोऱ्या. स्पीड टेस्ट तेव्हा प्लॅनच्या निम्म्यावर अडकायची.

मी केलं ते असं: एका पोर्टचा इंटरप्ट कोर 4 वर, दुसऱ्याचा कोर 5 वर, म्हणजे दोन्ही मोठ्यांवर. इंटरप्ट कोणत्या कोरवर जायचा ते ठरवणाऱ्या एसएमपी अफिनिटीत हेक्समध्ये (सोळाच्या पायाच्या आकड्यांत) 10 आणि 20 लिहायचं, 10 म्हणजे कोर 4 आणि 20 म्हणजे कोर 5. त्यावर आरपीएस, म्हणजे रिसीव्ह पॅकेट स्टीअरिंग, आलेली पॅकेटं कोरांमध्ये वाटून देणारी सोय, तिचा मास्क 30, म्हणजे दोन्ही मोठे कोर. ही सोय लिनक्समध्ये 2010 साली 2.6.35 मध्ये आली, गूगलच्या टॉम हर्बर्ट यांचं काम. पॅकेटचे आयपी आणि पोर्ट नंबर घेऊन हॅश, म्हणजे त्यावरून ठरणारा एक आकडा, काढायचा आणि त्यावरून कोर ठरवायचा, त्यामुळे एका कनेक्शनची पॅकेटं कायम एकाच कोरवर जातात आणि मागेपुढे होत नाहीत. टीसीपीला ते फार महत्त्वाचं.

पीपीपीओईवाल्यांनी इथे नीट लक्ष द्या. भारी मल्टीक्यू, म्हणजे अनेक रांगांचं, नेटवर्क कार्ड घेतलं तरी बऱ्याच कार्डांना पीपीपीओईच्या आतला आयपी वाचता येत नाही, मग बाहेरून येणारं सगळं एकाच क्यूत पडतं. कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) हॅश मात्र आतपर्यंत बघतो, त्यामुळे तिथेही आरपीएस कामाला येतं.

फरक काय पडला? चतुर्थीला घर भरलेलं, वर दोन भाऊ लॅपटॉप घेऊन मुंबईच्या ऑफिसच्या मीटिंगमध्ये, पोरं गेम डाऊनलोड करतायत, पडवीत कोणीतरी आरतीचं लाईव्ह दाखवतंय, आणि पुतण्या स्वतःहून येऊन सांगतो, "काका, आता आवाज तुटणा नाय." स्पीड टेस्टपेक्षा मला ते जास्त मोलाचं वाटतं.

मर्यादा पण आहेत. एकच मोठं डाऊनलोड आरपीएसने फास्ट होत नाही, ते एका कोरवरच राहणार, फायदा होतो तो खूप जण एकत्र असताना. आणि छोटी पॅकेटं खरी परीक्षा घेतात, गिगाबिट लाईन 1500 बाइटच्या पॅकेटांनी भरली तर सेकंदाला साधारण 81 हजार पॅकेटं होतात, पण 64 बाइटच्या फ्रेम असतील तर 14.88 लाख! प्रत्येक पॅकेटमागे काम जवळपास तेवढंच, त्यामुळे नुसते एमबीपीएस बघून राउटर घेऊ नका.

आमच्याकडे पावसात लाईट येते-जाते, आणि रीस्टार्ट झाला की अफिनिटी परत मूळपदावर, म्हणून त्या ओळी आरसी लोकलमध्ये, म्हणजे सुरू होताना आपोआप चालणाऱ्या फाईलमध्ये, टाकून ठेवा. आयआरक्यूबॅलन्स, म्हणजे इंटरप्ट आपोआप वाटणारा प्रोग्राम, सोबत चालवू नका, तो आपलं सेटिंग बदलून टाकतो. मे महिन्यात बॉक्स चांगलाच तापतो, बंद कपाटात ठेवू नका.

राहता राहिला केक. एसक्यूएम म्हणजे लाईन भरली तरी मीटिंग अडकू नये म्हणून वेग आवरणारी ओपनडब्ल्यूआरटीची सोय, आणि केक ही त्यातली एक पद्धत. एसक्यूएममध्ये केक लावला की त्या दिशेचा सगळा ट्रॅफिक एका शेपरमधून (वेग आवरणाऱ्या भागातून) जातो आणि तिथे परत एका कोरचीच ताकद चालते, म्हणून तो मोठ्या कोरवर पडणं गरजेचं. फ्लो ऑफलोडिंगने, म्हणजे चालू कनेक्शनच्या पॅकेटांना जवळचा रस्ता देण्याने, आकडे अजून वाढतात पण त्याचं एसक्यूएमशी नीट जमत नाही. मी ऑफलोडिंग बंद ठेवलंय, घरात मीटिंगवाले असतील तर तुम्हीही तसंच करा.