हिवाळी खंडानंतरचे शो-जंपिंग शिबिर : एक अभिप्राय

इंग्लंडच्या दक्षिण भागात नोव्हेंबरपासून कुरणांत चिखल होतो, दुपारी चारच्या सुमारास अंधारू लागते आणि ज्यांच्या तबेल्याला छप्पर असलेले रिंगण नाही अशा हौशी स्वारांचा शो-जंपिंगचा, म्हणजे घोड्यावरून अडथळे ओलांडण्याचा, सराव फेब्रुवारीपर्यंत जवळजवळ थांबतो. मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर घोडेस्वारी शिकलेल्यांना हे उलटे वाटेल, कारण तिकडे खंड पावसाळ्यात पडतो आणि हिवाळा हाच हंगाम असतो. सरे परगण्यातील एका केंद्राने या खंडानंतर परतणाऱ्यांसाठी मार्चपासून सहा आठवड्यांचे शिबिर घेतले. मी ज्या घोडीची अर्धी जबाबदारी सांभाळते, तिच्यासह मी ते पूर्ण केले. पुढे काही उणिवाही सांगायच्या असल्याने केंद्राचे नाव देत नाही.

शिबिराची सर्वांत मोठी जमेची बाजू अशी की पहिले दोन आठवडे एकही उडी नव्हती, आणि पैसे भरून आलेल्यांची कुरकुर ऐकूनही प्रशिक्षिकेने त्यात बदल केला नाही. घोड्याचा दम काही आठवड्यांच्या नियमित कामाने परत येतो. पायांतील कंडरा, अस्थिबंध आणि हाडे यांना मात्र ताण सोसण्यासाठी कित्येक महिने लागतात. म्हणूनच घोडा उडी घ्यायला उतावीळ दिसतो तेव्हाही त्याचे पाय तयार असतीलच असे नाही. आम्हांला चाल, दुडकी आणि कॅंटर (दुडकीहून वेगवान, भरधावेहून सावकाश गती) यांतील बदल, मोठी वर्तुळे आणि जमिनीवर ठेवलेले दांडे एवढेच काम होते. दुडकीसाठी दांड्यांतील अंतर साधारण साडेचार फूट ठेवले होते आणि प्रत्येक घोड्याच्या पावलाप्रमाणे ते सरकवले जात होते. स्वारांना रिकिबीत उभे राहून, पार्श्वभाग खोगिरापासून किंचित वर ठेवून रिंगणाला फेऱ्या घालायला लावल्या; घोटे आणि मांड्या किती सैलावल्या आहेत हे त्यात लगेच उघडे पडते.

खोगिराची तपासणीही प्रवेशाची अट होती. कामाविना राहिलेल्या घोड्याच्या पाठीचे स्नायू उतरतात आणि शरद ऋतूत नीट बसणारे खोगीर वसंतात पुढे कलते किंवा खांद्यावर दाब देते. आमच्या खोगिरात थोडी लोकर भरून घ्यावी लागली. हा खर्च वेगळा होता, पण तो आवश्यकच होता.

तिसऱ्या आठवड्यात दुडकीतून फुली अडथळा (दोन दांडे फुलीसारखे तिरपे ठेवून केलेला) आला आणि त्याच्या अलीकडे सुमारे 9 फुटांवर एक दांडा ठेवलेला होता, ज्यामुळे घोडा योग्य जागेवरूनच उचलतो आणि स्वाराला अंदाज बांधत बसावे लागत नाही. रिंगणात वाळू आणि तंतूंचे मिश्रण होते, ते रोज सपाट केले जात होते. ऑक्सर म्हणजे एकामागे एक दांडे असलेला रुंद अडथळा; त्याच्या मागच्या दांड्याला धक्का लागताच सुटणारे सुरक्षा-कप (दांडा पेलणारे आधार) होते. हे सर्वत्र आढळत नाही.

त्यापुढे मात्र नियोजन ढिले पडले. दोन अडथळ्यांमध्ये चार ढांगांसाठी 60 फूट हे स्पर्धेतील नेहमीचे अंतर आहे : 12 फुटांच्या चार ढांगा, शिवाय उतरण्यासाठी आणि उचलण्यासाठी प्रत्येकी 6 फूट. परंतु 60-70 सेंटिमीटरच्या उंचीवर, तेही नुकत्याच कामाला लागलेल्या घोड्याची ढांग तेवढी लांबत नाही, आणि आमच्या गटात दोन पोनीही होते. अंतर तीन-चार फुटांनी कमी करायला हवे होते. ते न केल्याने काहींनी पाचवी ढांग कोंबली आणि काहींनी दुरूनच झेप घेतली. विचारल्यावर "स्पर्धेत हेच अंतर मिळणार" असे उत्तर मिळाले. पहिल्या दोन आठवड्यांतील संयमाशी ते अजिबात जुळत नव्हते. शेवटच्या आठवड्यात सात अडथळ्यांचा पूर्ण मार्ग घेतला गेला, तेव्हा गट मोठा असल्यामुळे घोडे वाट पाहत थंड पडत होते.

ब्रिटिश शो-जंपिंग या संघटनेच्या 90 सेंटिमीटरच्या ब्रिटिश नोव्हिस वर्गात एप्रिलमध्येच उतरायचे असलेल्यांना हा वेग अपुरा वाटेल. उन्हाळ्यातील स्पर्धांपर्यंत सावकाश पोहोचायचे असेल, तर पहिल्या तीन आठवड्यांसाठी हे शुल्क मी पुन्हा भरेन. उरलेले तीन आठवडे लहान गटात मिळतील का, हे नाव नोंदवण्यापूर्वी विचारून घ्यावे.