गॅबापेंटिन 300, पाय काढल्यानंतरच्या दुखण्यासाठी (पप्पांचा अनुभव)

शुगरमुळे गँगरीन होऊन पप्पांचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. जखम छान भरली पण नसलेल्या पायाची बोटं कुणीतरी पिरगाळतंय असं त्यांना वाटायचं, तळव्याची आग व्हायची आणि रात्री करंट बसल्यासारखी कळ यायची. भेटायला येणारे म्हणायचे मनाचे खेळ आहेत. अजिबात नाहीत हो, कापलेल्या नसा आणि मेंदू दोघांचंही काम चालूच असतं, त्यामुळे दुखणं खरंच असतं.

साध्या पेनकिलरने काहीच फरक पडेना मग डॉक्टरांनी गॅबापेंटिन 300 ची एक कॅप्सूल रात्री सुरू केली आणि हळूहळू वाढवली. माहितीच्या कागदावर फिटचं औषध असं वाचून पप्पा घाबरले, "मला कुठे फिट येते?" मुळात ते फिटचंच औषध आहे पण नसांच्या दुखण्यालाही देतात. दुखलं की घेतली असं याचं नाही, रोज घ्यायची, डोस बसायला वेळ लागतो आणि मनाने एकदम बंद तर करायचीच नाही.

आता आग बरीच कमी आहे, कळ येते पण झोप मोडत नाही. नंतर रात्री अ‍ॅमिट्रिप्टिलिन 10 (नसांच्या दुखण्याचीच दुसरी गोळी) पण जोडली, तिने तोंड फार कोरडं पडतं. सगळ्यांनाच एवढा गुण येतो असं नाही, रिसर्चमध्येही कुणाला फायदा तर कुणाला नाही असंच आहे.

सांभाळायची गोष्ट म्हणजे चक्कर. सुरुवातीला आणि डोस वाढवला की खूप गुंगी येते, त्यात पप्पा झोपेत पाय आहे असंच समजून खाली उतरायला जायचे. आम्ही वॉकर पलंगाला टेकवून ठेवला, बाथरूमचा लाइट रात्रभर चालू, आणि आईला हाक मारल्याशिवाय उठायचं नाही असं ठरवलं. शुगरवाल्यांनी क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते सांगणारी रक्ताची तपासणी) आधी तपासून घ्या, हे औषध किडनीवाटे बाहेर जातं त्यामुळे डोस त्यावर ठरतो. अ‍ॅसिडिटीचं पातळ औषध घेत असाल तर त्यानंतर दोन तास तरी जाऊ द्या, नाहीतर हे नीट लागू पडत नाही.

आणि मेडिकलवाल्याने एकदा "सेमच आहे" म्हणून प्रीगाबालिन (नसांच्या दुखण्याचंच दुसरं औषध) दिलं होतं. सेम नाहीये, त्याचे मिलिग्रॅम वेगळे, स्ट्रिपवरचं नाव काउंटरवरच वाचून घ्या.