आयपीआरएस: सिनेमात कव्हर गाणं घेणाऱ्यांना कितपत उपयोगी?

मालवण-वेंगुर्ल्याकडे कमी बजेटचा सिनेमा करणाऱ्यांचा एक ठरलेला बेत असतो. जुनं भावगीत घ्यायचं, दशावतारातल्या एखाद्या गायकाकडून पेटी-मृदंग-झांजेवर नव्यानं गाऊन घ्यायचं, म्हणजे त्याचं कव्हर करायचं. मूळ रेकॉर्डिंग वापरलं नाही म्हणजे सुटलो! सुटत नाही. वाचते ती फक्त त्या रेकॉर्डिंगची परवानगी. शब्द आणि चाल यांचे हक्क गीतकार-संगीतकाराच्या निधनानंतरही ६० वर्षं चालतात. तीस सेकंदांपर्यंत फुकट चालतं, ही निव्वळ लोणकढी थाप.

आयपीआरएस (इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी) ही १९६९ सालची गीतकार, संगीतकार आणि म्युझिक पब्लिशर, म्हणजे शब्द-चालीचे हक्क सांभाळणाऱ्या कंपन्या, यांची संस्था. गाणं कोणत्या पब्लिशरकडे आहे, हे विचारायला पहिली जागा हीच. नुसतं शीर्षक देऊ नका, एका नावाची चार गाणी निघतात. मुखडा, गीतकार, संगीतकार तिन्ही लिहा. शब्द एकाकडे आणि चाल दुसऱ्याकडे असेल तर दोघांचा होकार लागतो, आणि दुसरा बहुधा पहिल्याइतकेच पैसे मागतो.

मात्र गाणं चित्राला जोडायची परवानगी, म्हणजे सिंक लायसन्स, पब्लिशरकडूनच घ्यावं लागतं. त्यामुळे शोधाला पैकीच्या पैकी, परवानगीला शून्य; आणि यात संस्थेचा दोष नाही. ‘कव्हर लायसन्स काढून देतो’ म्हणणाऱ्या एजंटांपासून मात्र जपून. कॉपीराइट कायद्यातलं कलम ३१सी फक्त ध्वनिमुद्रणापुरतं आहे: मूळ गाण्याला पाच वर्षं झालेली हवीत आणि वर्षाला किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरायची. हे सगळं करूनही त्या कागदावर सिनेमात गाणं वापरता येत नाही.

पब्लिशरला ईमेल करताना प्रसंग काय, किती सेकंद, पात्र गातं की पार्श्वभूमीला वाजतं, हे नेमकं सांगा. प्रदेश आणि मुदत करारात लिहूनच घ्या. नाही लिहिली तर कायदा भारतापुरती आणि पाच वर्षांची धरतो, आणि परदेशी फेस्टिव्हलच्या वेळी गाडी अडते. पैसे कमी असतील तर आधी फक्त फेस्टिव्हलचा हक्क घ्यावा, पण ओटीटीचा पुढचा दर त्याच करारात बांधून. सिनेमा गाजल्यावर तो विचारायला गेलात तर मेलात. शब्द बदलून मालवणी करायचे असतील तर तेही वेगळं लिहून मागा.

लोकगीत घेतलं की प्रश्न मिटला, असंही नाही. ‘पारंपरिक’ म्हणून वाजणाऱ्या कितीतरी कोळीगीतांना हयात कवी आणि संगीतकार आहेत. नव्यानं गाणाऱ्याची सही हवीच, नुसतं मानधन पुरत नाही.

आयपीआरएसशी पुन्हा गाठ पडते ती सिनेमा तयार झाल्यावर. थिएटरबाहेर, म्हणजे ओटीटीवर किंवा जत्रेत देवळासमोर पडदा लावून दाखवलात, की गीतकार-संगीतकाराच्या रॉयल्टीचा विषय येतो. ती कोण भरणार, हे दाखवणाऱ्याशी आधीच ठरवा.